हिरवा मी म्हणालो होतो

भाऊ,

तुमच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर माझ्या हातात माईक दिला होता. दहाव्याला आपल्याकडे प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं होतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. तुम्हीच म्हणायचात, "मेलेल्या मानसाला उटून जाता येत न्हाई, म्हनून पुढारी त्याला गाठत्यात." तुम्हालाही सहा-सात जणांनी गाठलं. सगळ्यांनी तुम्हाला थोर म्हटलं. ज्यांनी गेल्या उन्हाळ्यात तुमचा फलक उतरवला, त्यांनीही म्हटलं. मग निवेदकाने 'भाऊंचे निकटवर्तीय' म्हणून माझं नाव घेतलं. मी उठलो, नदीकडे पाहिलं आणि म्हणालो, "भाऊंच्या जाण्याने वराळे गावाची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे." तशीच आणखी दोन वाक्यं बोलून खाली बसलो.

मला बोलायचं होतं ते एकच वाक्य होतं. घरी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. "त्या सकाळी हिरवा मी म्हणालो होतो." समोरच्या निम्म्या लोकांना त्याचा अर्थ लागला नसता, म्हणून पुढची चार वाक्यंही तयार ठेवली होती. माईक हातात आल्यावर त्यातलं एकही बाहेर पडलं नाही.

खरं सांगतो, मी कावळ्यावर भरवसा ठेवला होता. पिंडाला कावळा शिवणार नाही, लोक एकेक शब्द देऊ लागतील, तुमच्या पत्नीला, मावशींना, सांभाळू, घराची डागडुजी करू, आणि कुणाच्याच शब्दाने काही होणार नाही. मग मला पुढे व्हावंच लागेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पन्नाशी उलटलेला, कंपनीत स्टोअर सांभाळणारा माणूस कावळ्याकडून धीर मिळेल म्हणून वाट बघत होता. पण माणसं पिंडापासून मागे सरली नाहीत तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला. गावातला संतोष माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "भाऊंचं काय बी अडाकलं नव्हतं बगा."

तुमचं नव्हतं, भाऊ. माझं अडकलंय. म्हणून हे लिहितो आहे.

आपली ओळख कंपनीच्या बसमुळे झाली. मी वराळ्याला फ्लॅट घेतला तेव्हा आंबीला जाणारी आमची बस चौकात, तुमच्या फलकासमोर थांबायची. मी वेळेआधी येऊन उभा राहायचो. तुम्ही स्टुलावर चढून काळ्या फलकावर खडूने गावासाठी बातम्या लिहीत असायचात. धरणात पाणी किती, कुठला रस्ता बंद, कोण वारलं, देशात काय झालं, जगात काय झालं. सगळ्यात खाली एक ओळ तुमची स्वतःची. कित्येक महिने मी नुसता वाचायचो. एके दिवशी तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "सायेब, नुसतं उबं ऱ्हान्यापरीस माजं असिस्टंट व्हा की."

तुमची सगळी नोकरी लोणावळ्याच्या घाटात इंजिन चालवण्यात गेलेली. इंजिनात दोघं असतात, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. सिग्नल दिसला की एकाने रंग मोठ्याने पुकारायचा, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच पुन्हा पुकारायचा. दुसऱ्याने पुकारल्याशिवाय पहिल्याचं खरं धरायचं नाही. निवृत्त झाल्यावर तुम्ही हाच नियम फलकाला लावला होता, फक्त दुसरा माणूस मिळत नव्हता. तो मी झालो. तुम्ही बातमी वाचायचात, मी मोबाइलवर ती आणखी एका ठिकाणी शोधायचो. सापडली तर म्हणायचं 'हिरवा'. नाही सापडली तर 'लाल', आणि ती बातमी त्या दिवशी फलकावर चढायची नाही.

"आणि आपली चूक झाली तर?" मी एकदा विचारलं.

"मंग इन्क्वायरी," तुम्ही म्हणालात. "सिग्नल दोगांनी पुकारल्याला असतो. इन्क्वायरीला दोगंबी उबं ऱ्हायाचं."

मी हसलो होतो. फलकाची कसली आलीय चौकशी, असं वाटलं होतं. गंमतच होती ती. वरच्या आळीत बिबट्या आल्याची बातमी घेऊन एक जण धावत आला, तेव्हा मी लाल म्हणालो आणि तो चिडला. "माज्या मेव्हन्यानं सवता पाह्यलाय." तुम्ही खडू खाली न ठेवता विचारलंत, "किती वाजता पाह्यला? अन् काय पिऊन पाह्यला, त्येबी लिव्हू का खाली?" बस येईपर्यंत मी हसत होतो.

वादही आपण तिथेच घालायचो. दूरदेशी लढाया चालू होत्या, महासत्ता एका बाजूला शस्त्रं देत होती, दुसऱ्या बाजूला धाक घालत होती, आणि तुम्हाला त्याची फार काळजी. मला वाटायचं, रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाने वराळ्याच्या चौकात उभं राहून महासत्तेची काळजी करून काय होणार? एका रविवारी तुम्ही मला लोणावळ्याला घेऊन गेलात. फलाटाच्या टोकाला बाकावर बसवलंत. आपण पानाच्या द्रोणातली करवंदं खात होतो. कर्जतहून घाट चढून गाडी आली. तिच्या मागे जोडलेली इंजिनं सोडवून बाजूला नेली, आणि गाडी पुण्याकडे निघून गेली.

"ह्ये बँकर," तुम्ही म्हणालात. "घाट चढायला मागनं ढकलत्यात. चढ संपला की सुटलं."

"मग चांगलंच आहे की. महासत्ता आपल्याला मागून ढकलत असेल तर चढू द्या."

"ढकलनारा चांगलाच आसतो. पन एक ध्येनात घ्या. मागच्याला म्होरचा सिग्नल दिसत न्हाई. त्यो म्होरच्याच्या इशाऱ्यावर चालतो. हितं उलटं झालंय. मागचं इंजान ढकलतंय, म्होरचं त्याला काय बी दिसत न्हाई, अन् इशाराबी त्योच देतोय."

"पण त्याच्याशिवाय घाट चढेल का गाडी?"

तुम्ही द्रोणातलं शेवटचं करवंद उचललंत. "न्हाई चढनार," म्हणालात. "त्येच तर भ्या वाटतं."

मी जिंकलो असं मला वाटलं. परतीच्या गाडीत तुम्ही मला तुमच्या थोरल्या भावाचं सांगितलंत. तुम्ही शाळकरी होतात, आंदर मावळातल्या तुमच्या गावात. थोरला सैन्यात होता. एकाहत्तरची लढाई. रेडिओवर विजयाची बातमी आली आणि तुमच्या वडिलांनी घरोघर गूळ वाटला. पोस्टमन तार घेऊन डोंगर चढून आला तो त्यानंतर. तारखेचा हिशेब लावला तेव्हा कळलं, वडील गूळ वाटत होते तेव्हा मुलगा जाऊन तीन दिवस झाले होते. "बातमी खोटी नव्हती," तुम्ही म्हणालात. "आपन जितलो हुतो. पन दादानं पुन्यांदा गूळ कदी खाल्ला न्हाई." वडिलांना तुम्ही दादा म्हणायचात. मग तळेगाव आलं.

हे मला माहीत होतं, भाऊ. गावात फार थोड्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात जे बसले होते, त्यांच्यापैकी मला नक्की माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या. तुम्ही फलकावर जेवढं सरकारने सांगितलं तेवढंच लिहीत होतात. सैनिकांची नावं आली तेव्हा ती ठळक अक्षरात लिहिलीत आणि त्या दिवशी खाली स्वतःची ओळ लिहिली नाहीत. कुणाची तक्रार नव्हती. मग एका रात्री टीव्हीवर सांगू लागले, शत्रूचं मोठं शहर पडलं. आमच्या सोसायटीत लोक गॅलरीत येऊन ताटं वाजवू लागले. मीही वाजवलं. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं. मला आनंद झाला होता, खरा आनंद, आणि त्या आनंदात मी त्या शहरातल्या माणसांचा क्षणभरही विचार केला नाही.

सकाळी चौकात आलो तर संतोष आणि त्याचे मित्र तुम्हाला घेरून उभे होते. संतोष आमच्याच कंपनीत कंत्राटी कामाला, माझ्या हाताखाली. संध्याकाळी मिरवणूक ठरली होती, डीजे सांगून झाला होता.

"भाऊ, मोट्या अक्षरात लिवा आज. पूर्न फलकभर."

"कुटं ऐकलंस?"

"आवो, आख्ख्या टीव्हीवर हाय."

"सरकारनं सांगितलं का? लष्करानं?"

"सरकार काय सांगनार हाय, पाडलंय म्हनल्यावर?"

ते वैतागून निघून गेले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मोबाइल काढला. दहा मिनिटं शोधलं. लष्कराने काही म्हटलं नव्हतं. बाहेरच्या जगात कुठेच काही नव्हतं. आदल्या रात्री ओरडणाऱ्या एका वाहिनीने बातमी गुपचूप काढूनही टाकली होती. मी म्हणालो, "लाल आहे, भाऊ. खोटी आहे बातमी."

"मंग मिरवनूक?"

"काय करणार? निघेल."

"खोट्यावर नाचत्याल पोरं." तुम्ही फलक पुसलात आणि लिहिलंत. ते शब्द मला पाठ आहेत. "शत्रूचे शहर पडल्याच्या बातमीला सरकारचा किंवा लष्कराचा दुजोरा नाही. दुजोरा येईपर्यंत मिरवणूक थांबवावी, ही विनंती. तिकडेही घरे आहेत." मग स्टुलावरूनच तुम्ही मागे वळून विचारलंत, "पुकारा."

मी शेवटच्या ओळीपाशी थोडा थांबलो. ती नको, असं म्हणावंसं वाटलं होतं. पण ती खोटी नव्हती. बस वळणावर आली होती. मी म्हणालो, "हिरवा," आणि बसमध्ये चढलो.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला तर त्या फलकाचा फोटो सगळीकडे फिरत होता. त्यावर 'पाकिस्तानी फलक' असं लाल अक्षरात लिहिलेलं. गावाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, तळेगावच्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर. तुमची स्टुलावरची पाठ त्या फोटोत दिसत होती. माझ्या मुलीची त्याच आठवड्यात संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात निवड झाली होती आणि पोलिसांची पडताळणी व्हायची होती. मी डबा तसाच मिटला. फोटोच्या कोपऱ्यात मी कुठे दिसतोय का, ते मोठं करकरून पाहिलं. दिसत नव्हतो.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. तुम्ही खांबाला टेकून बसला होतात, स्वच्छ धुतलेला सदरा घालून, जसे रेल्वेच्या चौकशीला जात असाल तसे. तुम्हाला विचारलं, "कुनी सांगितलं तुमाला असलं लिवायला?"

"कुनी न्हाई. खडू माज्या हातात हुता."

मागून कुणीतरी म्हणालं, "सायेब रोज असत्यात तितं. त्येन्ला इचारा." सगळे माझ्याकडे वळले. माझ्या शेजारी बसलेला एक जण खालच्या आवाजात बोलला, धमकी म्हणून नाही, आपुलकीनेच बोलला. "सायेब, पोरीची पडताळनी हाय ना? बगून बोला."

मी उभा राहिलो. म्हणालो, "मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं, आजचा दिवस राहू द्या, असलं काही लिहू नका."

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर मला आज बरं वाटलं असतं. घाटात समोरचा सिग्नल नीट दिसला नाही तर ड्रायव्हर जसा डोळे बारीक करून पाहत असेल, तसं पाहिलंत. आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं म्हणालात, "व्हय. त्यांनी सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाई."

इतक्या वर्षांत खात्री नसलेली एक ओळ तुम्ही फलकावर चढू दिली नव्हती. आणि त्या दिवशी माझं खोटं तुम्ही दुसऱ्यांदा पुकारलंत, खरं ठरवलंत. आता ते गावात खरंच आहे. त्याला दोन साक्षीदार आहेत.

त्यांनी तुम्हाला घोषणा द्यायला लावली. तुम्ही उभे राहून 'भारतमाता की जय' म्हणालात. कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं. तुम्ही मोठ्याने म्हणालात. आणखी एकदा, म्हणाले. तुम्ही आणखी एकदा म्हणालात. तुम्हाला त्यात अपमान वाटला की नाही, मला माहीत नाही. झेंडावंदनाला तुम्ही जशी द्यायचात तशीच घोषणा होती, तितकीच मनापासून. मी तिथे बसून तुमच्या थोरल्या भावाचा विचार करत होतो. एवढंच उठून सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ह्या माणसाच्या घरातलं एक माणूस ह्या देशासाठी गेलंय, एवढंच. मी मांडीवरची धूळ झटकत बसलो.

मग मिरवणूक निघाली. फलक खाली घेतला, त्या जागी अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. पुढे वाहिन्यांनी त्या शहराचं नाव घेणं सोडून दिलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. गावाने खोटी बातमी साजरी केली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलून दाखवायला फलकच उरला नव्हता.

लढाई थांबली, तेव्हा ते आपल्याला आधी समुद्रापलीकडच्या महासत्तेकडून कळलं. आपल्या माणसांनी सांगायच्या आधी तिकडच्या माणसाने जगाला सांगून टाकलं, जणू दोन पोरांची भांडणं सोडवली. त्या दिवसांत मी तुम्हाला टाळत होतो, बससाठी पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राहायचो. तुम्ही काय म्हणालात ते संतोषने हसत हसत सांगितलं. "म्हातारं म्हनतंय, सिग्नल आपल्या रुळावर अन् त्यो पाडायची केबिन दुसऱ्याच्या देशात. डोस्कं फिरलंय त्याचं." मी त्याच्याबरोबर हसलो. हेही तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

नंतर त्याच देशाने आपल्या मालावर कर वाढवला. आमची कंपनी तिकडचीच. लढाईच्या दिवसांत तिथून आम्हाला पत्र आलं होतं, सगळे सुखरूप असाल अशी आशा आहे. आता त्याच कार्यालयातून दुसरं पत्र आलं, ऑर्डरी थांबल्या, कंत्राटी माणसं कमी करा. यादी माझ्या हातात दिली. संतोषला मीच सांगितलं. तो स्टोअरच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "पन सायेब, आमी काय केलं?" काहीच केलं नव्हतं त्याने. त्याच्यावर कुणाचा रागही नव्हता. तिकडे ज्याने सही केली, त्याला संतोष नावाचा कुणी आहे हेच ठाऊक नव्हतं. मला त्या क्षणी तुमच्याकडे यावंसं वाटलं. लोणावळ्याचा आपला वाद मी जिंकलो नव्हतो, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

भाऊ, मला आता दोन माणसांची भीती वाटते. एक आपल्या बैठकीत माझ्या शेजारी बसलेला, जो माझ्या मुलीच्या नोकरीची काळजी करतो आणि बगून बोला म्हणतो. दुसरा तिकडचा, ज्याच्या एका वाक्याने इथली लढाई सुरू राहते किंवा थांबते, इथला कारखाना चालतो किंवा थांबतो. पहिल्याशी मला बोलता येईल, पण तोंड उघडत नाही. दुसऱ्याशी बोलायची सोयच नाही. मग दुसऱ्याचा राग घेऊन आम्ही पहिल्याबरोबर घोषणा देतो. तुम्ही असता तर याला काय म्हटलं असतंत? तुमच्याकडे काहीतरी रेल्वेतलं निघालं असतं. मला सुचत नाही.

मुलीची पडताळणी झाली, नोकरी लागली, तेव्हा मी तुमच्याकडे पेढे घेऊन आलो. किती महिन्यांनी आलो होतो. तुम्ही अंगणात बसून मावशींना वाल सोलायला मदत करत होतात. मला पाहून सरकून जागा केलीत.

"लागली का पोर? लय बरं झालं. पडताळनीबी झाली?"

"झाली."

"माजं काय नाव न्हाई ना निगालं त्यात?"

"नाही, भाऊ."

"पुडं-मागं कुनी इचारलं, तर वळकत न्हाई म्हनायचं. आसंबी त्या फोटूत मी पाठमोराच हाय." आणि तुम्ही हसलात. मावशी हसल्या नाहीत. मला तेव्हा पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, "चहा नको, बाहेर गाडी उभी आहे." गाडी उभी नव्हती.

म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. देवळात माझ्या शेजारचा माणूस काय कुजबुजला ते तुम्ही ऐकलं नसेल, पण ओळखलं असेल. माझ्या मुलीसाठी तुम्ही माझं खोटं अंगावर घेतलंत. आणि मी त्याबद्दल कधी आभारही मानले नाहीत, कारण आभार मानले तर खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं.

तुम्ही गेलात तेव्हा संतोषने खांदा दिला. तीन वेळा खांदा बदलायची वेळ आली आणि तीनही वेळा त्याने बदलला नाही. त्याला आता तळेगावला एका गोदामात काम मिळालंय.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी मावशींकडे गेलो. घाटावर जमलं नाही ते निदान त्यांच्यासमोर तरी सांगावं, असं ठरवून गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हिरवा मी म्हणालो होतो, देवळात खोटं मी बोललो, भाऊंनी मला वाचवलं. बोलताना मला रडू आलं. मावशींनी सूप खाली ठेवलं नाही.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "त्येंनी त्याच दिशी सांगितलं हुतं. म्हनले, त्याचा बी इलाज नव्हता."

"मला माफ करा, मावशी."

"मी कोन माफ करनार? अन् मला कशापायी सांगतोस आता? मी काय बैठक हाय व्हय?"

मग त्यांनी मला पाणी दिलं, तुमच्या गोळ्यांचा उरलेला डबा दाखवला, दवाखान्यात परत घेतात का ते विचारलं. मी चौकशी करतो म्हणालो. घरी आलो आणि लिहायला बसलो.

गावचं वाचनालय वर्षातून एकदा छोटी पुस्तिका काढतं. यंदा तुमच्या आठवणींची काढायची ठरलीय. ती देवळाच्या बैठकीत वाटतात, घरोघर जाते. म्हणून हे तिच्यासाठी लिहिलं. बैठकीत तोंडाने बोलायला जमेल असं मला वाटत नाही, ते मी आता स्वतःशी मान्य केलंय. छापलेलं असेल तर ते लोक वाचतील आणि मी तिथे बसलेला असेन, इतकंच माझ्याच्याने होईल. याने काही बदलणार नाही. फलक परत लागणार नाही. उद्या पुन्हा लढाई लागली तर ताटं वाजतील आणि थांबायचं कधी ते पुन्हा तिकडून कळेल. पण त्या सकाळी तुम्ही एकटे नव्हतात, हे गावाला कळेल.

काल हे मुलीला वाचायला दिलं. ज्या गोष्टीत ती आहे, ती तिला न दाखवता छापणं बरोबर नव्हतं. तिने सगळं वाचलं. मध्ये दोनदा डोळे पुसले. तुमच्याबद्दल तिला हे काहीच माहीत नव्हतं. मग म्हणाली, "बाबा, छापा. छापायलाच पाहिजे." कागद परत देताना दारात थांबली. "फक्त माझं नाव काढाल का? अजून कायम व्हायचं आहे मला."

मी काढलं, भाऊ. दोन ठिकाणी होतं. तिथे आता 'मुलगी' एवढंच आहे.